पावसात येझदी बंद पडते, कोरड्यात एकदाही नाही. ऑक्टोबरपर्यंत ठेवून देऊ का?

येझदी_कोथरूड

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोटरसायकल येझदी २५०, १९७९ ची, वडिलांनी नोकरीला लागल्यावर घेतलेली. कराडच्या घरी गोठ्याशेजारी अकरा वर्षं पोत्यांखाली पडून होती, ती मागच्या दिवाळीत पुण्याला आणून इंजिन खोललं, क्रँक, पिस्टन, बेअरिंग सगळं करून घेतलं. ६ व्होल्टच ठेवलंय, पॉइंटपण (ठिणगीची वेळ साधणारा जुना स्विच) तेच, इलेक्ट्रॉनिक वगैरे काही बसवलं नाही कारण वडिलांचा हट्ट की गाडी होती तश्शीच राहिली पाहिजे. हिवाळ्यात वाई झालं, महाबळेश्वर झालं, मे महिन्याच्या उन्हात पुणे ते कराड गेली, मधे चहाला थांबलो तेवढंच. एकदाही रडली नाही.

पाऊस सुरू झाला आणि नाटकं सुरू. पहिल्या वेळेस टाकी फुल्ल करून ताम्हिणीला निघालो, भूगाव गेलं, पिरंगुटच्या अलीकडे चढावर गाडी हळूहळू ओढेनाशी झाली, रिझर्व्हला टाकली तर शंभरेक मीटर गेली आणि बसली. वरून धो धो, मी एका टपरीच्या छपराखाली, किक मारून मारून डावा पाय कामातून गेला. शेजारचा पंक्चरवाला आला, त्याने प्लग काढला, म्हणाला प्लग तर कोरडा ठणठणीत आहे, मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावला, पेट्रोल काठोकाठ, झाकण लावलं आणि पुढच्या किकला गाडी चालू! म्हणाला आपला हातगुण आहे, पन्नास रुपये घेतले. पुढे जायची हिंमत झाली नाही, घरी आलो. दुसऱ्या वेळेस टाकी अर्धीच होती, तेव्हा मुळशी धरणाच्या बरीच पुढे गेली आणि मग तेच, जीव जात असल्यासारखी हळूहळू. वीस मिनिटं कणीस खाल्लं, चालू झाली. तिसऱ्यांदा परवा, ऑफिसला जाताना, चांदणी चौकात, सगळ्यांच्या हॉर्नच्या साक्षीने.

आत्तापर्यंत नवा प्लग, नवी प्लगकॅप, नवी एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर), आणि एका गॅरेजवाल्याने छातीठोकपणे सांगितलं म्हणून नवी ६ व्होल्टची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), जी शोधण्यात आठ दिवस गेले. फरक शून्य.

आणि मी निष्काळजी आहे असंही नाही हो. प्लगकॅपला ग्रीस लावतो, हेडलाइटच्या स्विचवर टेप असते, टाकीला तर घरी वडील करायचे तसं जाड प्लॅस्टिक गुंडाळून झाकणावरून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधतो, पेट्रोलात एक थेंब जायला नको म्हणून.

जुलैचा दुसरा रविवार म्हणजे जावा डे, जावा-येझदीवाल्यांचा दिवस, आमची पाच-सहा पोरं कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं म्हणतायत. जाऊ का? की सरळ चार महिने ठेवून देऊ?

बुलेट_सातारा

मित्रा पावसात बंद म्हणजे करंट, प्लगला ठिणगीच मिळत नाही. डोळे झाकून करंट. जुन्या गाडीचं पावसातलं दुसरं दुखणं नसतंच.

कॉइल बदलली ठीक, पण पॉइंट बघितले का? येझदीला उजव्या बाजूच्या कव्हरमागे डायनामो आणि तिथेच पॉइंट. इंजिन तापलेलं असतं, वरून गार पाऊस पडला की आतली हवा एकदम आक्रसते आणि वायर जिथून बाहेर येते त्या रबरातून ओली हवा आत ओढली जाते, मग कव्हरला आतून घाम सुटतो. पॉइंटवर एवढासा दमटपणा पुरतो. ते रबर चाळीस वर्षांत लाकूड झालेलं असतं, बदल. पण एक सांगतो, कव्हरला चारी बाजूंनी सिलिकॉन थापून बंद करू नकोस, मी बुलेटला तो शहाणपणा केलेला, आत जमलेलं पाणी बाहेर यायला वाटच राहिली नाही आणि आठ दिवसांत पॉइंटवर हिरवं यायला लागलं. खालच्या बाजूला थोडी जागा सोड.

आता टेस्ट. रात्री लाइट घालवून गाडी अंधारात चालू कर आणि झाडांना मारायच्या स्प्रेने प्लगकॅप, एचटी वायर, कॉइलवर पाणी फवार. कुठे निळी ठिणगी चमकते बघ. नव्या वायरीवर विश्वास ठेवू नकोस, हल्लीच्या वायरी नुसत्या जाड दिसतात. आणि पॉइंटचा गॅप बघून घे, बुलेटला ०.३५ ते ०.४० मिमी असतो, तुझ्या गाडीचा मॅन्युअलमध्ये मिळेल. कंडेन्सरपण नवा टाक, स्वस्त असतो.

ठेवून बिवून काही देऊ नकोस. चार महिने उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त सडते.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक

भावा सोपा उपाय हाय, गाडी पांघरूण घालून ठेव आणि चिपळूणला लाल परीनं जा, खिडकीतनं घाट बघ 😄

मस्करी सोड. ठेवणारच असशील तर ते प्लॅस्टिकचं कव्हर घालू नको, आत वाफ धरतं आणि क्रोमला पुरळ उठतं. जुनी सुती चादर टाक, बॅटरी काढून घरात ठेव, मेन स्टँडवर लाव. आणि जाणारच असशील तर पाण्यातनं काढताना रेस सोडू नको, सायलेन्सर पाण्यात असला आणि रेस सोडलीस तर पाणी माघारी ओढतंय. बंद पडलीच तर किक मारायची न्हाई. लोकं हितंच चुकतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या गल्लीत आली तवा माझी गाडी हँडलपर्यंत बुडाली, पाणी उतरल्यावर शेजारच्यानं मदत म्हणून किक मारली, नशीब चांगलं म्हणून रॉड वाकला न्हाई. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात न्हाई, वाकतोय तो रॉड. आधी प्लग काढायचा, मग किक मारून पाणी बाहेर, टू स्ट्रोकला खाली क्रँककेसमध्ये पण भरलेलं असतंय ते सगळं उलटं करून काढायचं, मग ऑइल सोडायचं, मग पुढचं. इषय कट.

राजदूत_रत्नागिरी

सगळे करंटच्या मागे लागलात, बंद पडली तर फार तर भिजत उभा राहील, थांबली नाही तर काय होईल ते कोणी विचारलंच नाही! कुंभार्ली म्हणतोयस ना दादा, आधी ब्रेकचं सांग.

मी बाबांची राजदूत चालवते, कोकणात चार महिने पाऊस म्हणजे चार महिने गाडी ठेवायची असं केलं तर लायसन्सच परत करावं लागेल. अनुभवाने सांगते. ड्रमब्रेकमध्ये पाणी गेलं की पहिला दाब पूर्ण फुकट जातो, लिव्हर दाबलेली असते आणि गाडी आपली निवांत चाललेली असते. म्हणून पाण्याच्या डबक्यातून बाहेर आलं की लगेच चालत्या गाडीत दोन्ही ब्रेक हलके धरून ठेवायचे, थोडी रेस देत, शंभर-दोनशे मीटर, लायनर तापून पाणी उडतं. हे वळण समोर आल्यावर करायचं नाही, आधी करायचं. मला आंबा घाटात हे कळलं, वळणावर समोरून ट्रक आणि माझा ब्रेक म्हणजे नुसती शोभा, मी सरळ गटारात उतरवली, गुडघ्यावर अजून खूण आहे.

उलटंही होतं. रात्रभर ओली गाडी उभी राहिली की ड्रमला आतून गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिला ब्रेक एकदम चावतो. अंगणातून बाहेर पडताना पुढचा ब्रेक कचकन लागला तर शेवाळावर काय होतं ते सांगायला नको. घराच्या आतच दोन-तीनदा ब्रेक मारून थर घालवायचा, मग बाहेर.

आणि टू स्ट्रोक घाट उतरताना इंजिन धरत नाही हे विसरू नकोस. बुलेटवाले दुसऱ्यात टाकून आरामात उतरतात, इंजिनच गाडी रोखतं, आपल्याकडे तसं जवळपास नाहीच, सगळा भार ब्रेकवर. वर आपलं ऑइल पेट्रोलातूनच जातं, रेस पूर्ण बंद करून पाच किलोमीटर उतरत राहिलास तर पिस्टनला तेलच मिळत नाही. म्हणून अधूनमधून थोडी रेस द्यायची. माझे बाबा म्हणायचे घाट उतरताना गाडीला पाणी पाजत राहा, म्हणजे हेच.

टायर कधीचे आहेत? नक्षी बघू नकोस, अकरा वर्षं पोत्याखाली होती म्हणतोस तर नक्षी छानच असणार. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३११ असेल तर २०११ चा तेविसावा आठवडा. जुनं रबर दगड होतं, कोरड्यात जाणवत नाही, ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर जाणवतं. ओला पट्टा, गटाराचं लोखंडी झाकण, पुलाच्या सांध्याची पट्टी, जांभ्याचा तांबडा चिखल, यांच्यावर गाडी सरळ असली पाहिजे, ब्रेक नाही, रेस नाही, वळवणं नाही. आणि टोपीवाला मोठा झगा रेनकोट घालू नकोस, चाकात जातो. शर्ट-पँटचा घे, वरून बेल्ट.

येझदी_कोथरूड

ताई, बुलेट दादा, मनापासून धन्यवाद. काल रात्री अंधारात स्प्रे मारून बघितलं, बायको म्हणाली शेजारी बघतायत. एकही ठिणगी दिसली नाही, गाडी पाणी पीत मस्त चालू होती, पंधरा मिनिटं! पॉइंटचं कव्हर उघडलं, आत कोरडं. रबर तरी बदललं.

ताई तुमचं वाचून टायर बघितला आणि पोटात गोळा आला. मागचा नवा आहे, पुढचा जुनाच ठेवला होता कारण नक्षी पूर्ण. आकडे ४१०९. म्हणजे २००९. ब्रेक उघडायला दिलेत.

पण गाडी आज परत बंद पडली, कर्वे रोडला. मी थकलो.

बर्मिंगहॅमचा_पुणेकर

इथे इंग्लंडात वर्षातले निम्मे दिवस रिपरिप, त्यामुळे पावसासाठी गाडी ठेवून द्यायची हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगितलं तर हसतात. माझ्या घरापासून रेडिच अर्ध्या तासावर, जिथे मूळ बुलेट बनायच्या, तिथले जुने लोक भर पावसात साठ वर्षांच्या गाड्या काढतात. ते घाबरतात ते मिठाला. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते लागलं की स्पोक आणि रिम एका सीझनमध्ये जातात, म्हणून मीठ पडलं की गाड्या आत आणि दोन-तीन चांगल्या पावसांनी रस्ता धुतला की बाहेर. कोकणातल्या खाऱ्या हवेला हेच लागू पडावं, ताई सांगतील. चिपळूणहून आलास की साध्या पाण्याने धू, पूर्ण वाळव आणि स्पोकवरून तेलाचं फडकं फिरव, फक्त ब्रेकच्या ड्रमपासून लांब.

बंद पडायचं कारण मला कळलं नाही, पण स्प्रेखाली पंधरा मिनिटं चालते म्हणजे करंट वाटत नाही बुवा.

जुना_फिटर_नाशिक

उशिरा बघितलं. वयाने लहान असशील म्हणून तू म्हणतो.

पहिला प्रश्न, गाडी कशी बंद पडते. करंट गेला की गाडी बटण दाबल्यासारखी एकदम जाते, किंवा फट फट करत झटके देते. पेट्रोल कमी पडलं की ती ओढायची थांबते, रेस दिली तर अजून मरते, हळूहळू बसते. तू पहिल्याच पोस्टमध्ये दोनदा हळूहळू लिहिलंयस. दुसरी गोष्ट प्लग. ठिणगी नसेल आणि तू किका मारत असशील तर प्लग पेट्रोलने ओलाचिंब निघेल. तुझा पंक्चरवाला म्हणाला कोरडा. म्हणजे आत पेट्रोलच येत नव्हतं. इथेच करंटचा विषय संपला होता, कॉइलचे पैसे वाचले असते.

मग पेट्रोल का येत नाही, टाकी तर भरलेली? आणि फक्त पावसातच का? आता तू पावसातच करतोस आणि कोरड्यात करत नाहीस अशी गोष्ट शोध. तूच लिहिलीयेस, अभिमानाने लिहिलीयेस.

टाकीला प्लॅस्टिक, झाकणावरून ट्यूब, करकचून.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं बाळा. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला लागते, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला वर ओढून धरते. सलाईनची बाटली लावताना हवेची सुई टोचतात ती कशाला? तेच. तू ते भोक प्लॅस्टिक आणि ट्यूबने बूच मारल्यासारखं बंद केलंस. टाकी फुल्ल होती तेव्हा वर हवाच जेमतेम, थोडं पेट्रोल गेलं की ओढ बसली, पिरंगुटपर्यंतही पोचला नाहीस. अर्धी होती तेव्हा वरती हवा भरपूर, ती ताणली जायला वेळ लागला, मुळशी ओलांडलंस. रिझर्व्हला शंभर मीटर का गेली तर कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) फिरवताना नळीतलं उरलेलं उतरलं. कणीस खाल्लंस तेवढ्यात फटीफटीतून हवा आत गेली. आणि पंक्चरवाल्याचा हातगुण म्हणजे त्याने झाकण उघडलं, बस. स्प्रे मारलास तेव्हा अंगणात प्लॅस्टिक बांधलं होतंस का? नसणार.

खात्री करायची तर प्लॅस्टिक बांधून जा, बंद पडली की प्लगला हात लावू नकोस, झाकण हळू उघड आणि कान लाव. फुस्स आवाज आला तर मी म्हणतो ते. पण एकदाच कर. टू स्ट्रोकला पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, चढावर रेस देत राहिला असतास तर पिस्टनने सिलिंडर धरला असता. अजून धरला नाही ही येझदी बनवणाऱ्या त्या मैसूरच्या कारखान्याची पुण्याई.

एक विचारतो, वडील प्लॅस्टिक कधी बांधायचे? चालवताना, की गाडी उभी असताना?

येझदी_कोथरूड

काका 🙏 वाचून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. अंगणात प्लॅस्टिक नव्हतं बरोबर आहे. वडिलांना फोन केला. ते म्हणाले अरे रात्री गाडी पागोळीखाली उभी असायची तेव्हा बांधायचो, चालवताना कशाला बांधू, वेडा आहेस का. मी लहानपणी बांधताना बघितलं होतं, सोडताना बघितलंच नव्हतं कारण ते सकाळी सहाला निघायचे.

उद्या सकाळी टेस्ट करतो.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक

काका नाद खुळा!! 😂 पंक्चरवाल्याकडनं पन्नास रुपये माघारी घे भावा

येझदी_कोथरूड

झालं. टाकी काठोकाठ केली, प्लॅस्टिक आणि ट्यूब नेहमीसारखी. गंमत म्हणजे आज पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, आणि गाडी भुकूमलाच बसली. म्हणजे पावसाचा काडीचाही संबंध नाही. झाकण फिरवलं आणि फुस्सऽऽ, इतकं स्पष्ट की बाजूने जाणाऱ्या काकूंनी वळून बघितलं. पहिल्या किकला चालू. प्लॅस्टिक खिशात घालून ताम्हिणीपर्यंत गेलो, वाटेत दोन जोरदार सरी अंगावर घेतल्या, परत आलो, दीडशेच्या आसपास किलोमीटर, एकदाही नाही.

आता प्रश्न उरला की झाकणातून पाणी खरंच जातं त्याचं काय करू? भोक आहे म्हणजे पाणी जाणारच ना.

बुलेट_सातारा

मी डोळे झाकून म्हणालो होतो, खरंच झाकलेले होते. काका मानलं. आपण सगळे पाऊस म्हटलं की वायर धरतो.

जुना_फिटर_नाशिक

झाकणाच्या आतलं वॉशर बघ, कडक झालं असेल. पाणी बहुतेक वेळा भोकातून नाही, वॉशरच्या कडेने जातं, वर झाकणाभोवती साठतं आणि झिरपतं. पेट्रोलने न फुगणारं नवं वॉशर बसव. भोक तारेने साफ कर पण मोठं करू नकोस. वर काही लावायचंच असेल तर जुन्या ट्यूबचा गोल तुकडा छत्रीसारखा नुसता ठेव, कडेने मोकळा, मधे टेकलेला नको. बांधायचं नाही काही. आणि रात्री उभी करताना वडिलांसारखं बांध, पण सकाळी सोड!

पाणी पूर्वीपेक्षा आता जास्त नडतं, कारण पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. पूर्वी पाणी टाकीच्या तळाशी वेगळं बसायचं, रिझर्व्हला टाकलं की फटफटायचं, कार्बोरेटरची वाटी काढून ओतलं की झालं. आता इथेनॉल थोडं पाणी स्वतःत धरून ठेवतं, आणि पाणी त्याच्या ताकदीबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोल सोडून खाली बसतात. कॉक तिथलंच ओढतो. त्या पाणेरी थरात आपलं टू स्ट्रोक ऑइल नीट राहत नाही, म्हणजे इंजिन चालेल न चालेल पण कोरडं चालेल. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला कॉकखालून काचेच्या बाटलीत अर्धा कप काढ, उजेडात धर. वरखाली दोन थर दिसले तर ते पेट्रोल गाडीत नको. गाडी आठ दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, रिकाम्या टाकीत आतून घाम येतो आणि पत्रा गंजतो.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघ, या नव्या पेट्रोलने जुन्या नळ्या आतून मऊ होतात आणि त्याचे कण कॉकमध्ये अडकतात. तेव्हाही गाडी हळूहळूच बसेल आणि तू झाकण उघडून फुस्स ऐकत बसशील, आवाज येणार नाही.

येझदी_कोथरूड

लिहून घेतलं सगळं काका. वॉशर आजच बघतो.

राजदूत_रत्नागिरी

ते सगळं ठीक, ब्रेकचं आणि पुढच्या टायरचं काय झालं ते सांग आधी. रविवार जवळ आलाय.

येझदी_कोथरूड

पुढचा टायर नवा टाकला, १६ इंची मिळवायला तीन दुकानं फिरलो. पुढच्या ब्रेकचे लायनर तेलकट निघाले, ग्रीस जास्त झालेलं एक्सलचं, ते नवे चिकटवून घेतले, कॅमला साफ करून थोडंसंच ग्रीस. काल ओल्या रस्त्यावर मुद्दाम डबक्यातून घालून बघितलं, तुम्ही म्हणालात तसं पहिला दाब फुकटच गेला, मग हलका धरून ठेवला तर हळूहळू जीव आला. आधी माहीत नसतं तर घाटातच कळलं असतं.

हेडलाइटचं मात्र काही होत नाही, ६ व्होल्टची मेणबत्तीच आहे, रेस सोडली की ती पण विझायला येते. म्हणून कराडहून सकाळी उजाडल्यावरच निघणार, हेळवाक-पोफळी सगळं दिवसाउजेडी.

राजदूत_रत्नागिरी

शहाणा. घाटात धुकं असेल तर ट्रकच्या मागे लागून उतर, त्याचे लाल दिवे बघत, पण अंतर ठेवून. ओव्हरटेक करायचा नाही. पोफळीला उतरलास की चहाला थांब आणि ड्रमला हात लावून बघ, फार तापले असतील तर वरून पाणी मारू नकोस, तसेच गार होऊ दे.

कोल्हापुरी_टूस्ट्रोक

सगळं झालं की एक विचारायचं हुतं. ती जुनी कॉइल चांगलीच हुती म्हणजे आता तुझ्याकडं ६ व्होल्टच्या दोन झाल्या. एक विकणार का? माझी खरंच गेलीया.

येझदी_कोथरूड

कुठली घेतोस, वडिलांची ओरिजिनल की आठ दिवस शोधलेली? चिपळूणला ये, बरोबर घेऊन येतो.